टेफ्लॉनची गोळी आणि अमेरिकेतला १९८६ चा कायदा

टेफ्लॉन लावलेली गोळी पोलिसांचं बुलेटप्रूफ जॅकेट लोण्यासारखं कापते आणि म्हणून अमेरिकेत टेफ्लॉनवर बंदी आली, ही गोष्ट कधीपासून फिरतेय, आणि दोन्ही अर्धे भाग चूक आहेत.

मुळात झालं असं की १९६० च्या दशकात ओहायोत कॉप्श, टर्कस आणि वॉर्ड या तिघांनी केटीडब्ल्यू नावाची गोळी बनवली, ती पण पोलिसांसाठीच बरं का, गाडीच्या काचा-दारं भेदायला. साधी गोळी शिशाची, मऊ, आपटली की चपटी होते. यांची कडक धातूची, तिथेच खरा फरक. पण कडक धातू बंदुकीची नळी आतून घासतो म्हणून वरून टेफ्लॉनचा थर. थोडक्यात, नॉनस्टिक तव्याला असतो तसला थर, जॅकेट फाडायची जादू नाही!

१९८२ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ही गोळी टीव्हीवर दाखवली आणि तिला 'कॉप किलर', म्हणजे पोलिसांना मारणारी, हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मग १९८६ चा फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाला लागू असलेला कायदा आला, राष्ट्राध्यक्ष रेगनची सही झाली. त्यात हँडगनमध्ये चालणाऱ्या गोळीचा गाभा टंगस्टन मिश्रधातू, स्टील, लोखंड, पितळ, ब्राँझ, बेरिलियम कॉपर किंवा डिप्लिटेड युरेनियमचा असेल तर ती बनवायला आणि आयात करायला बंदी, सरकारी वापर, निर्यात वगैरे अपवाद सोडून. टेफ्लॉनचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. काही राज्यांनी मात्र आपल्या कायद्यात टेफ्लॉन घातलं, त्यामुळे घोळ अजून वाढला.