बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील नर्स : भूमिकेची पार्श्वभूमी

बाळाचे वजन, उंची, डोक्याचा घेर, ताप आणि लस. ही कामे नर्स करते, हे पालकांना ठाऊक असतेच. मोजलेल्या आकड्यांचा अर्थ तिने लावायचा की तो डॉक्टरांसाठी राखून ठेवायचा, यावर मात्र अमेरिकेत अनेक वर्षे भांडण चालले.

निरोगी बाळालाही ठरावीक काळाने तपासायला आणावे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील सल्ला केंद्रांत रुजली. न्यूयॉर्कमध्ये संसर्ग झालेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवून देत आणि पुढे उपचार कोणीच पाहत नसे. १९०२ मध्ये तिथे शाळांत नर्स नेमली गेली, तेव्हा गैरहजेरी झपाट्याने उतरली. ती घरी जाई, मलमपट्टी करी, आईला समजावून सांगे. पुढे अमेरिकेत निरोगी बालकांची तपासणी खासगी दवाखान्यांकडे सरकली आणि तिथल्या नर्सच्या वाट्याला वजनकाटा, सुई आणि नोंदवही एवढेच उरले.

खरा वाद पेटला तो १९६५ नंतर. त्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात एक नर्स-प्राध्यापिका आणि एक बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्ससाठी नवे प्रशिक्षण सुरू केले. बालरोगतज्ज्ञ कमी होते, गरीब आणि ग्रामीण मुलांपर्यंत ते पोहोचत नव्हते, आणि दवाखान्यातला त्यांचा मोठा वेळ निरोगी बाळे तपासण्यात जाई. सुरुवातीच्या चार महिन्यांच्या सघन शिक्षणात नर्स स्टेथोस्कोप आणि कान तपासायचे उपकरण वापरायला, विकासाचे टप्पे जोखायला शिकल्या. बाळ ठीक आहे की नाही, हे सांगण्याची मुभा त्यांना मिळाली, आणि विरोध दोन्ही बाजूंनी आला. काही डॉक्टरांना हे आपल्या क्षेत्रावरचे आक्रमण वाटले. नर्सिंग शिकवणाऱ्या काही ज्येष्ठ बायका म्हणाल्या की, असे करून नर्स आपला पेशा सोडून डॉक्टरांचा पेशा उसना घेते आहे.

१९७० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने नर्सना मोठ्या संख्येने ‘फिजिशियन असिस्टंट’ करण्याचा प्रस्ताव मांडला. नर्सच्या संघटनेशी आधी बोलणेही झाले नव्हते, त्यामुळे ती खवळली, आणि तिचे बरोबर होते. असिस्टंट डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचे काम करतो. या नर्स आपल्या शिक्षणाच्या बळावर निर्णय घेत होत्या. १९७१ मध्ये बालरोगतज्ज्ञ आणि नर्स यांच्या संघटनांनी प्रशिक्षणाची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण त्यात नाव वापरले ‘असोसिएट’, म्हणजे सहकारी. मग या नर्सना ‘प्रॅक्टिशनर’, म्हणजे स्वतः तपासून निर्णय घेणारी, म्हणायचे की ‘असोसिएट’, यावर पुन्हा ओढाताण झाली. नाव ठरले की अधिकार, स्वाक्षरी आणि मोबदला ठरत होता, म्हणून कोणीच मागे हटेना. १९७३ मध्ये बालकांसोबत काम करणाऱ्या या नर्सनी स्वतःची संघटना उभी केली, तेव्हा तिच्या नावात दोन्ही शब्द घ्यावे लागले. ‘प्रॅक्टिशनर’ टिकला आणि पुढे त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाची अट आली.

साध्या नोंदणीकृत नर्सचे काम दरम्यान शांतपणे वाढत गेले. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक लशीचा उत्पादक, लॉट क्रमांक (ती लस कोणत्या खेपेतली हे सांगणारा आकडा), तारीख आणि लस देणाऱ्याचे नाव नोंदवणे बंधनकारक केले. २००६ पासून ९, १८ आणि ३० महिन्यांना विकासाची चाळणी चाचणी, २००७ पासून १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमची, अशा शिफारशी आल्या. प्रश्नावल्या पालकांच्या हातात देणे, गुण मोजणे आणि पुढे कुठे पाठवले त्याचा पाठपुरावा ठेवणे हे बऱ्याच ठिकाणी नर्सकडे आले. फोनवर तर ताप, उलट्या, श्वासाची धाप ऐकून लगेच बोलवायचे की उद्यापर्यंत थांबवायचे, हे तीच लिखित नियमावलीच्या आधारे ठरवते.

आता तिथल्या अनेक दवाखान्यांत वजन-उंची मोजायला कमी प्रशिक्षित मेडिकल असिस्टंट असतो. पालक त्यालाही नर्सच म्हणतात. खर्च वाचतो खरा, पण वाढीच्या चार्टवरची रेघ खाली वळली आहे किंवा आई गप्प-गप्प आहे, हे पहिल्याच भेटीत ओळखण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते, आणि लक्षणांवरून गंभीरता ठरवण्याचे काम त्याला सहसा देताही येत नाही. या बदलाविषयी नर्सच्या संघटना सावध आहेत, त्या याच कारणाने.