ढोलवाल्याच्या डोक्यावरची महिरप

चित्रकार नंदलाल बोस यांचे हरिपुरा पट, म्हणजे हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या सजावटीसाठी केलेली पोस्टरं, पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात फारसं काही दडलंय असं वाटत नाही. ढोल वाजवणारा, चांभार, शिंपी, कुस्ती खेळणारे मल्ल, भात कांडणारी बाई. मातीचे रंग, जाड काळी रेघ. ‘पोस्टर’ म्हटलं की आपण तसंही फार वेळ थांबत नाही.

पण या पटांची सुरुवात हरिपुऱ्यात नाही, आपल्या अजिंठ्यात आहे. १९०९-१०च्या सुमारास इंग्रज चित्रकार क्रिस्तियाना हेरिंगहॅमबाईंच्या चमूत तरुण नंदलाल तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. छायेच्या मदतीशिवाय नुसत्या रेघेने दंडाला गोलाई कशी येते, हे त्यांनी तिथे हाताने गिरवलं. पुढे १९३६च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. सजावट गांधीजींनी नंदलालांकडे दिली. अट एकच: सामान गावातलं, कारागीरही गावातले. मग बांबू आणि गवत आलंच.

१९३८च्या फेब्रुवारीत बारडोलीजवळच्या हरिपुऱ्याला हेच काम पुन्हा त्यांच्याकडे आलं. अध्यक्ष सुभाषबाबू. हातकागदावर टेंपेराने, म्हणजे डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी, केलेले सुमारे चारशे पट लागले. ऐंशीच्या वर मूळ नंदलालांचे, बाकी सगळ्या विद्यार्थ्यांनी केलेल्या त्यांच्या नकला. रेघेचा फटकारा कोलकात्यातल्या कालीघाटच्या पटुआंचा, म्हणजे देवळाबाहेर यात्रेकरूंना स्वस्तात चित्रं विकणाऱ्यांचा.

आता ढोलवाल्याकडे परत या. अंगाला बाक, ढोलाचा भार, आणि डोक्यावर महिरप. बऱ्याच पटांत ती आहे. नक्षी म्हणून सोडून द्यावी इतकी साधी. पण आपल्याकडे महिरपीखाली कोण असतं? देव्हाऱ्यात देव, लघुचित्रात राजा. नंदलालांनी त्या देवळीत चांभाराला बसवलं, आणि त्याबद्दल चित्रात अवाक्षर नाही. राजकीय अधिवेशनाची सजावट, तरी घोषणा नाही, पुढाऱ्याचा चेहरा नाही. मला तर यातलं सगळ्यात धीट राजकारण हेच वाटतं.

जाता-येता लोकांनी पाहावेत म्हणून उन्हावाऱ्यात टांगलेले हे कागद. १९७६मध्ये सरकारने नंदलालांचं काम राष्ट्रीय कलाठेवा ठरवलं. तेव्हापासून त्यातलं एकही चित्र विकायला देशाबाहेर नेता येत नाही.