आठवत नाही तो आणि उठत नाही तो: दारूने मेंदूवर होणारे दोन वेगळे परिणाम

विजापूर रोडवरच्या ढाब्यावर चौघे बसतात. एक जण बिल देतो, हसतखेळत गप्पा मारतो, गाडी चालवत घरी पोचतो आणि सकाळी विचारतो, "बिल कुणी दिलं रे?" दुसरा तिथेच बाजेवर आडवा होतो आणि हाका मारल्या तरी उठत नाही. दोघांनाही जास्त झाली, एवढं म्हणून मित्र मोकळे होतात. पण दोघांच्या मेंदूत बंद पडलेला भाग वेगळा असतो आणि जिवाला असलेला धोकाही वेगळा.

पहिल्याला झालेला प्रकार म्हणजे ब्लॅकआउट. यात माणूस पूर्ण जागा असतो. बंद पडतं ते नव्या आठवणी नोंदवण्याचं काम, जे मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. आठवण पक्की व्हायला तिथल्या पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे संदेश आत घेणारी दारं, उघडावे लागतात. दारू ते दाबते आणि पेशींना थंड करणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर वाढवते. त्यामुळे आत्ता दोन मिनिटांपूर्वीचं त्याला नीट सांगता येतं, अर्ध्या तासापूर्वीचं येत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी १९७० च्या सुमारास प्रयोगांतून हेच दाखवलं. अधलेमधले तुकडे गेले असतील तर कुणी खूण सांगितल्यावर काही परत येतं. सलग दोन-तीन तास गेले असतील तर डोकं कितीही खाजवा, काही येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते.

चालण्या-बोलण्यावरून ब्लॅकआउट ओळखता येईलच असं नाही. तोच प्रश्न, तोच किस्सा दर दहा-पंधरा मिनिटांनी नव्याने सुरू झाला की समजावं. अशा वेळी गाडीची किल्ली आणि मोबाईल काढून घ्यावा. त्या अवस्थेत त्याने किंवा तिने कशालाही दिलेला होकार धरू नये.

किती प्यायल्यावर असं होतं? ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या ६० ग्रॅमना 'अतिप्राशन' धरते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची, हे 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्यांच्या हिशोबात नसतं. ७० किलोच्या पुरुषाने दोन तासांत एक क्वार्टर संपवली तर १०० मिली रक्तात साधारण १०० मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे. ब्लॅकआउट बहुधा १६० च्या आसपास सुरू होतो. पन्नास किलोची मुलगी तेवढ्याच एका क्वार्टरमध्ये ती पातळी ओलांडू शकते. आकड्याइतकाच वेगही महत्त्वाचा. उपाशीपोटी, पैज लावून, घटाघट प्यायल्यावर पातळी झपकन चढते आणि हिप्पोकॅम्पसला तोच धक्का सोसत नाही. शेंगाची चटणी चाखत पिणं म्हणजे पोटभर जेवून पिणं नव्हे.

विशीतल्या मेंदूबद्दल आणखी एक गोष्ट. कपाळामागचा, आवर घालणारा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, ती वैज्ञानिकांना विचारून ठरवल्यासारखी वाटते. स्पेनमधल्या संशोधकांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, डोळे मिटून, शांत बसवून काढला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. एकदम भरपूर पिणाऱ्यांमध्ये थीटा आणि बीटा लहरी इतरांपेक्षा जोरदार आढळल्या. फरक दिसला तो मेंदूच्या मागच्या भागात आणि उजव्या कानशिलाकडच्या भागात, म्हणजे आठवणींच्या यंत्रणेच्या शेजारीच. दारूमुळेच हे झालं, असं एवढ्यावरून ठरत नाही. पण मेंदूतला हा फरक पार्टी नसलेल्या दिवशीही दिसतो, एवढं त्यातून कळतं.

आता दुसरा, बाजेवर पडलेला. इथे दारू मेंदूच्या देठापर्यंत पोचलेली असते. जागं ठेवणं, श्वास आणि उलटी घशात अडकली तर येणारा ठसका, या सगळ्याची सूत्रं तिथेच असतात. 'झोपू दे, उतरेल' हा सल्ला इथे घातक ठरतो, कारण शेवटचे दोन पेग अजून पोटात असतात आणि आडवं झाल्यावरही रक्तातली पातळी चढतच राहते. यकृत १०० मिली रक्तामागे तासाला जेमतेम १५ मिलिग्रॅम कमी करतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. उलट ठसका गेलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं आणि गार पाण्याने आधीच तापमान उतरलेलं अंग आणखी थंड पडतं. उलटी काढायला घशात बोटंही घालू नयेत.

खांद्याला जोरात चिमटा काढा. डोळे उघडले नाहीत तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. आठपेक्षा कमी भरले, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडलं, ओठांची आतली बाजू किंवा नखं निळसर दिसली, तर थांबू नका, १०८ लावा. चिमट्याला दाद नसेल तर श्वास ठीक वाटला तरी लावाच. तोवर त्याला कुशीवर वळवा: वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, वरचा हात गालाखाली द्या, डोकं किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे कललेलं ठेवा. उताणा ठेवला तर उलटी घशातच साचते. एक जण शेवटपर्यंत शेजारी बसलेला हवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत कुणाला 'झोपवून' जाणं तर उघड जिवावरचं आहे.

सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात नेल्यावर काय, किती आणि किती वाजेपर्यंत प्यायला, डोकं कुठे आपटलं का, सोबत झोपेची गोळी घेतली होती का, हे खरं सांगा. हातभट्टीची असेल तर तेही लपवू नका. त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असेल तर नजर धूसर होण्याचा त्रास बहुधा १२ ते २४ तासांनी सुरू होतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.