ठिणगीची वेळ: फिरत्या वजनांपासून फर्मवेअरपर्यंत

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटलं तरी पूर्ण जळायला वेळ घेतं. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. वेग वाढेल तशी आणखी आधी. फार लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून खडखडतं, उशिरा पडली तर ताकद जाते.

सुरुवातीच्या मोटारींत हे ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची ते, चालकच हाताने कमी-जास्त करायचा. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) पद्धत आली आणि अनेक दशकं टिकली. पुढे डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या फिरत्या भागातली) वजनं वेगानुसार बाहेर फेकली जाऊन ॲडव्हान्स वाढवू लागली, तर भारानुसार व्हॅक्यूमचा पडदा पॉइंटची प्लेट सरकवू लागला. पण पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजला की गॅप कमी व्हायचा, ठिणगी उशिरा पडायची, आणि मेकॅनिकला गॅप मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, काढावा लागायचा.

अमेरिकेत धुराचे नियम कडक झाल्यावर हे चालेना. 1977 च्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडोत मायक्रोप्रोसेसर टायमिंग ठरवू लागला. 1979 मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकने बीएमडब्ल्यू 732आय मध्ये इंधन आणि ठिणगी एकाच डब्यात आणली. आपल्याकडे पुण्याच्या बजाजने 2003 च्या पल्सर डीटीएस-आय मध्ये दोन प्लग आणि डिजिटल सीडीआय (कपॅसिटरमधल्या विजेवर ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) दिला.

खरी अडचण गणितात नव्हती. 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेऱ्या) क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, एक अंश फिरायला जेमतेम 28 मायक्रोसेकंद लागतात. प्रोसेसर तेवढा वेळ दुसऱ्या इंटरप्टमध्ये (हातातलं काम थांबवून करावं लागणाऱ्या तातडीच्या कामात) अडकला, तर ठिणगी एका अंशाने सरकलीच. त्यामुळे वेळ पाळण्याचं काम प्रोग्रामकडून काढून हार्डवेअरला देणं, ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा. फोर्डच्या ईईसी-4 या इंजिन कंप्युटरमधल्या इंटेल 8061 चिपमध्ये सिग्नल कधी आला याची नोंद करायला आणि ठरल्या क्षणी पिन (बाहेर सिग्नल देणारा चिपचा पाय) बदलायला वेगळी यंत्रणाच होती. प्रोग्रामने फक्त पुढची वेळ लिहून ठेवायची.

स्पीडुइनोसारख्या खुल्या फर्मवेअरमध्ये (इंजिन चालवणाऱ्या, कुणालाही वापरता येणाऱ्या चिपवरच्या प्रोग्राममध्ये) हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अर्डुइनो मेगा या छोट्या कंप्युटर बोर्डवर, क्रँकवरच्या दातेरी चाकाचा दात सेन्सरसमोर आल्याची वेळ 4 मायक्रोसेकंदांच्या पायरीने मोजली जाते, आणि टायमर जुळल्यावर इंटरप्ट येऊन मग पिन बदलते. शिवाय क्रँक एका फेरीतही सारख्या वेगाने फिरत नाही: कॉम्प्रेशनला मंदावतो, पॉवर स्ट्रोकला झेप घेतो. मागच्या पूर्ण फेरीच्या सरासरीवर ठिणगी ठरवली, तर स्टार्ट करताना आणि अचानक थ्रॉटल उघडल्यावर ती चुकते. म्हणून त्यात प्रत्येक दातागणिक हिशेब करण्याचा पर्याय आला. 36 वजा 1 दातांच्या (36 जागांपैकी एक दात मुद्दाम वगळलेल्या) चाकावर 6000 आरपीएमला दर 278 मायक्रोसेकंदांनी दात येतो. 16 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात सुमारे 4,400 क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) मिळतात, आणि इंजेक्शनसकट बाकीची सगळी कामंही त्याच क्लॉकमधून भागवावी लागतात.