ओपन बाइट आणि जबड्याचा तिरपेपणा : शस्त्रक्रियेविना उपचार

दाढा पूर्ण मिटल्या तरी वरचे-खालचे पटाशीचे दात एकमेकांना गाठत नाहीत, मधे फट राहते. या ठेवणीला ओपन बाइट म्हणतात. पोळी-भाकरी हाताने मोडून खाणाऱ्या घरात ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. पेरूचा लचका तोडताना किंवा शिवणाचा दोरा दातांनी तोडताना मात्र पंचाईत होते. ‘स’ म्हणताना जीभ फटीतून डोकावते.

अंगठा चोखणे, ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याने तोंडाने श्वास घेणे, चेहऱ्याची उभी वाढ जास्त होणे ही नेहमीची कारणे. गिळताना जीभ पुढे रेटली जाते म्हणून फट पडते, असे पूर्वी मानत. पण गिळणे क्षणाचे असते. उरलेला सगळा वेळ जीभ कुठे विसावते, याला जास्त महत्त्व आहे. लहानपणी अंगठा सुटला की फट पुष्कळदा आपोआप भरते, नाहीतर जीभ अडवणारी तारेची जाळी टाळूला बसवतात. नाक चोंदलेले तसेच ठेवून नुसती जाळी बसवणे हे अर्धवट काम.

मोठ्या माणसात दोष पुढे दिसतो, पण इलाज बहुधा मागे असतो. अडकित्त्यात बिजागरीजवळ सुपारीचा बारीक तुकडा अडकला तरी टोके चांगलीच फाकतात, जबड्याचेही तसेच. दाढ १ मिलिमीटर हाडात आत दाबली गेली तर खालचा जबडा वर फिरतो आणि पुढची फट साधारण २ ते ३ मिलिमीटरने मिटते. दंतवैद्य यंग किम यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत इंग्रजी ‘एल’च्या आकाराचे अनेक वेढे असलेली तार पुढे कललेल्या दाढा सरळ उभ्या करते. मात्र पुढच्या दातांना उभी रबरे लावावीच लागतात. रुग्णाने रबरे लावण्याचा कंटाळा केला, तर हीच तार फट वाढवते. १९९९ मध्ये जपानमध्ये उमेमोरी, सुगावारा आणि सहकाऱ्यांनी हाडावर टायटॅनियमच्या पट्ट्या बसवून, त्यांच्या आधाराने खालच्या दाढा ३ ते ५ मिलिमीटर आत दाबल्याचे दाखवले. पट्टी बसवायला हिरडी उघडावी लागते, त्यामुळे ‘शस्त्रक्रियेविना’ याचा अर्थ इथे ‘जबडा न कापता’ एवढाच. असाच आधार देणारे, हाडात बसवायचे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे मिनीस्क्रू मात्र जागा बधिर करून खुर्चीतच बसवतात.

जबडा तिरपा दिसत असेल, तर तो मुळात तिरपा आहे की मिटताना तिरपा सरकतो, हे आधी ठरवावे लागते. वरचा जबडा अरुंद असला की दात टोकाला टोक भिडतात आणि मूल सोयीसाठी खालचा जबडा एका कुशीला सरकवते. अशा मुलाला सावकाश तोंड उघडायला सांगितले, तर उघडताना हनुवटी मध्यावर येते आणि मिटताना पुन्हा बाजूला जाते. इथे उपाय म्हणजे वरचा जबडा रुंद करणे. टाळूला बसवलेल्या उपकरणाचा स्क्रू आई-वडील घरी किल्लीने फिरवतात. एका वेढ्याच्या चौथाईत बहुतेक उपकरणे पाव मिलिमीटर रुंदावतात.

तोंड उघडतानाही हनुवटी बाजूलाच राहिली, तर प्रश्न हाडाचा असण्याची शक्यता जास्त. रुग्णाला दातांत आडवी लाकडी पट्टी धरायला लावून समोरून पाहिले, की ती डोळ्यांच्या रेषेशी तिरकी दिसते. खाली उतरलेल्या बाजूच्या वरच्या दाढा मिनीस्क्रूच्या आधाराने वर दाबून ही पातळी सुधारता येते आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्यरेषाही जुळवता येतात. पण वाढ थांबलेल्या माणसाचे आखूड हाड तारेने लांब होत नाही. दात जुळले तरी हनुवटी थोडी बाजूला राहते, हे रुग्णाला उपचार सुरू करण्यापूर्वीच स्पष्ट सांगायला हवे. कानाजवळचे जबड्याचे टोक एका बाजूला अजून वाढत असेल, तर हाडांचा स्कॅन करून ती वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत दातांची अंतिम जुळवणी लांबणीवर टाकणेच शहाणपणाचे.

फट पुन्हा उघडणे ही या उपचाराची जुनी डोकेदुखी. रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारे उपकरण) काढल्यावर १० वर्षांनी तपासलेल्या रुग्णांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांत ३ मिलिमीटर किंवा जास्त फट असल्याचे १९८५ च्या एका अभ्यासात आढळले. पट्ट्यांनी दाबलेल्या खालच्या दाढाही वर्षभरात सुमारे ३० टक्के परत वर येतात, असे सुगावारा यांच्या गटाने २००२ मध्ये नोंदवले. त्यामुळे त्या मुळातच गरजेपेक्षा थोड्या जास्त दाबतात.