वेल्ड केलेला शाफ्ट त्याच दिवशी का मिळत नाही?

गळीत हंगामात उसाची ट्रॉली उभी राहिली की एकेक तास जड जातो, हे आम्ही रोज बघतो. तरीही तुटलेला शाफ्ट आम्ही आधी तापवतो, मग जोडतो आणि नंतर कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवतो. पैसे तुमचे आहेत, तेव्हा कारणही तुम्हाला माहीत हवं.

पोलाद एकसंध दिसलं तरी ते बारीक स्फटिक-कणांचं बनलेलं असतं. वेल्डिंगमध्ये सुमारे १५०० अंशांना वितळलेला धातू थिजतो, तेव्हा कडेच्या न वितळलेल्या कणांवरच नवे कण उगवतात आणि मध्याकडे लांबट वाढत जातात. म्हणून जोड मूळ धातूशी एकजीव होतो.

बहुतेक वेळा दगा देतो तो जोडाशेजारचा काही मिलिमीटरचा पट्टा. तो वितळत नाही, पण लालभडक होतो. सुमारे ७२७ अंशांच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत, म्हणजे ऑस्टेनाइटमध्ये, कार्बन सहज सामावतो. सावकाश निवलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते; मऊ फेराइट आणि पदरापदराचं पर्लाइट तयार होतं. झटकन निवलं तर कार्बन आतच अडकतो, मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट बनतं. ते इतकं कडक असतं की कानस त्यावरून घसरते, आणि तितकंच ठिसूळ.

साध्या एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, कार्बन कमी, साधारण पाव टक्क्याच्या आत, म्हणून ट्रॉलीची बॉडी लगेच जोडून देता येते. ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या शाफ्टमध्ये तो ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो. शिवाय जाड शाफ्ट जोडाची उष्णता भराभर ओढून घेतो. म्हणून आधी १५० ते २५० अंशांपर्यंत तापवणं, आणि नंतर सावकाश निवावा म्हणून चुन्यात पुरणं.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. खानापूरकडच्या पावसाळी हवेत उघडे वेल्डिंग रॉड दमट होतात, त्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ठिसूळ पट्ट्याला आतून चीर पाडतो, कधी कधी दोन दिवसांनी. त्यासाठी लो-हायड्रोजन रॉड आम्ही भट्टीत ३०० अंशांच्या वर भाजून वापरतो, आणि शाफ्ट ४८ तास ठेवून, तपासूनच देतो.

शेतावर घाईने जोड मारावा लागला तर त्यावर पाणी मात्र ओतू नका. स्प्रिंगचा पाटा तुटला असेल तर नवाच बसवा. त्यात कार्बन आणखी जास्त असतो, तो आम्ही जोडून देत नाही.