खाद्य वनौषधीच्या अर्काची प्राण्यांवरील सुरक्षितता चाचणी

खाण्यातल्या वनस्पतीचा अर्क औषध किंवा पूरक आहार म्हणून वापरात आणण्यापूर्वी तो किती मात्रेपर्यंत निर्धोक आहे, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर, मुख्यतः उंदरांवर, तपासण्याची पद्धत. वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते एवढ्यावरून तिचा अर्क सुरक्षित ठरत नाही. द्रावक, म्हणजे अर्क काढण्यासाठी वापरलेला द्रव, काही घटक उचलतो, काही मागे ठेवतो आणि उचललेले घटक मूळ पानाहून कितीतरी तीव्र होतात. हिरवा चहा जगभर प्यायला जातो. पण त्यातील ईजीसीजी या घटकाचा संहत अर्क उपाशी कुत्र्यांना एकदम दिल्यावर गंभीर अपाय झाला. खाऊ घातल्यानंतर विभागून दिलेली तेवढीच मात्रा मात्र त्यांना सोसली.

म्हणून आधी अर्काची ओळख पक्की करावी लागते : वनस्पतीची जात, वापरलेला भाग, द्रावक, मुख्य घटकांचे प्रमाण, जड धातू, बुरशीची विषे. ही नोंद नसेल तर निष्कर्ष नेमका कोणत्या पदार्थाला लागू आहे हेच कळत नाही, आणि असा अहवाल निरुपयोगी ठरतो.

तीव्र विषाक्तता चाचणीत अर्क एकदाच देऊन १४ दिवस निरीक्षण करतात. निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा शोधण्याची कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. तिच्यात बळी फार जात. अशा चाचण्यांच्या मार्गदर्शक पद्धती ठरवणाऱ्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) ती जुनी पद्धत २००२ मध्ये मागे घेतली, हे योग्यच झाले. आता टप्प्याटप्प्याने मोजके प्राणी वापरतात. दर किलो वजनामागे २,००० मि.ग्रॅ. ही नेहमीची कमाल मात्रा. ती दिल्यावर प्राणी जगले, एवढ्यावरच ‘अर्क सुरक्षित’ असा शिक्का मारणे चूक आहे.

अर्क टोकाला गोळी असलेल्या बोथट सुईने तोंडावाटे थेट जठरात सोडतात. सुई चुकून श्वासनलिकेत गेली तर प्राणी दगावतो आणि अर्कावर नाहक ठपका येतो. डोळ्यांभोवती साचलेला लालसर थर नवख्याला रक्त वाटतो. तो अश्रुस्रावातील पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो आणि बहुधा ताण दाखवतो.

खरी माहिती ९० दिवसांच्या चाचणीतून मिळते. तीन मात्रांचे तीन गट आणि केवळ द्रावक किंवा पाणी घेणारा एक नियंत्रण गट. प्रत्येकात किमान १० नर व १० माद्या. वजन, खाणे, वागणूक नोंदवतात, रक्त तपासतात. शेवटी शवविच्छेदन करून अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यकृताचे वजन वाढलेले दिसले म्हणजे इजा झालीच असे नाही. अर्काचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) वाढल्यानेही तसे होते. पेशी मेलेल्या दिसल्या की अर्थ बदलतो. लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन नर उंदरांची मूत्रपिंडे बिघडवते, पण त्याला कारणीभूत ठरणारे प्रथिन माणसात नसल्याने तो परिणाम माणसाला लागू होत नाही.

अपाय न दिसलेल्या सर्वांत मोठ्या मात्रेला सामान्यतः १०० ने भागून माणसासाठी रोजची मर्यादा काढतात : प्रजातींतील फरकासाठी १० पट, माणसामाणसांतील फरकासाठी १० पट. जनुकीय इजा आणि गर्भावरील परिणाम यांच्या चाचण्या वेगळ्या असतात. उंदीर ओकू शकत नाही, त्यामुळे अर्काने माणसाला उलटी होईल का, हे त्याच्यावरून थेट दिसत नाही. ॲलर्जी आणि क्वचितच एखाद्याला होणारी यकृताची इजाही या चाचण्यांतून बहुधा निसटते. तिचा पत्ता अर्क बाजारात आल्यावर डॉक्टरांनी नोंदवलेल्या रुग्णांवरूनच लागतो.